नाथ पैंच्या नावावर पास झालेलं एकही बिल नाही, मग त्यांचं संसदेतलं काम मोजायचं कसं?

राजापूरची_गंगा

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, कंटाळा आला तर शेवटचा पॅरा वाचा आणि उत्तर द्या.

आमच्याकडे कोकणात राजापूरचे जुने खासदार नाथ पै म्हणजे घरातलाच माणूस असल्यासारखं बोललं जातं. आजोबांनी त्यांच्या सभा ऐकलेल्या, सभा संपली की कंदील घेऊन दोन-अडीच तास चालत घरी यायचं आणि वाटेत भाषणातली वाक्यं एकमेकांना ऐकवत यायचं असं ते सांगायचे. त्यामुळे लहानपणापासून आमचा समज असा की लोकसभा म्हणजे नाथ पै बोलतायत आणि बाकीचे ऐकतायत.

तर परवा चुलतभावाने एकदम विकेटच काढली. म्हणाला, १९५७ ते १९७० तीनदा निवडून गेले, दुसरी, तिसरी, चौथी लोकसभा, बरं, कायदा कुठला केला ते सांग. एक सांग. मला सांगता आलं नाही. म्हणून इरेला पेटून रात्री एक्सेल उघडलं आणि रकाने केले, पास झालेली बिलं, हजेरी, विचारलेले प्रश्न, खासदार निधी. हल्लीच्या खासदारांची प्रगतीपुस्तकं येतात ना तशी. पहिल्या रकान्यात शून्य. हजेरीचा आकडा मिळाला नाही. प्रश्न मोजता मोजता झोप लागली. आणि खासदार निधी नावाचा प्रकारच मुळात डिसेंबर १९९३ ला सुरू झाला असं कळलं, म्हणजे तो रकाना पुसूनच टाकला.

तर प्रश्न असा की जुन्या, विरोधी बाकांवरच्या, कधी मंत्री न झालेल्या खासदाराचं संसदीय काम नक्की कशावरून ठरवायचं? नुसतं "काय बोलायचे हो!" हे उत्तर नकोय, ते घरी रोज मिळतं.

शुक्रवार_साडेतीन

तुमच्या भावाने प्रश्न चांगला विचारला पण फूटपट्टी चुकीची घेतली.

मंत्री नसलेला खासदार जे बिल आणतो ते खाजगी विधेयक, मग तो सत्ताधारी पक्षाचा का असेना. त्याला आठवड्यातून शुक्रवारची दुपार, अडीच तास, आणि तेही एक शुक्रवार बिलांना तर दुसरा ठरावांना. आधी महिनाभर नोटीस द्या, मग बॅलटमध्ये, म्हणजे सोडतीत, नंबर लागू दे, मग कुणी तरी गणपूर्ती (किमान हजेरी) नाही म्हणून उठेल (शुक्रवारी दुपारी अर्धं सभागृह विमानतळाच्या वाटेवर असतं), आणि एवढं करून चर्चा झालीच तर शेवटी मंत्री उठून म्हणणार की माननीय सदस्यांच्या भावना आम्ही समजतो, सरकार याचा विचार करतंय, कृपया विधेयक मागे घ्यावं. आणि सदस्य मागे घेतो. बहुतेक वेळा हेच होतं.

स्वातंत्र्यानंतर दोन्ही सभागृहांत पास होऊन कायदा झालेली खाजगी विधेयकं किती? चौदा. चौदाशे नाही, चौदा. आणि शेवटचं १९७० ला, सुप्रीम कोर्टाचे फौजदारी अपिलाचे अधिकार वाढवणारं, आनंद नारायण मुल्ला यांचं. हे गृहस्थ लखनौचे अपक्ष खासदार, आधी हायकोर्टाचे जज आणि वर उर्दू शायर. त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं झाली, एकही नाही. आणि या चौदांत घटनादुरुस्ती एकही नाही.

तेव्हा पास झालेलं बिल हाच निकष लावला तर आजवरचे हजारो खासदार सगळे नापास, नाथ पै एकटे कुठे.

दगडफोड्या

मग सरळ म्हणा ना की विरोधी खासदार कायदा करूच शकत नाही, उगाच आकड्यांचा खेळ कशाला. सगळेच नापास म्हणून आपला पोरगा पास होत नाही 😄

आणि चौदा बिलं झालीच ना? ती तरी कशी झाली मग?

शुक्रवार_साडेतीन

दगडफोड्या, त्यातलं एक उदाहरण देतो, मग तुम्हीच ठरवा. फिरोज गांधी. रायबरेलीचे खासदार, काँग्रेसचेच, पण सासऱ्यांच्या सरकारला घाम फोडायचे. तेव्हा पेपरवाल्यांची पंचाईत अशी की सभागृहात खासदार काहीही बोलला तरी त्याला संरक्षण, पण तेच पेपरात छापलं की बदनामीचा खटला पेपरवर. फिरोज गांधींनी १९५६ ला खाजगी विधेयक आणलं की संसदेच्या कामकाजाचा मुळाबरहुकूम खरा वृत्तांत द्वेषबुद्धी न ठेवता छापला तर खटला चालणार नाही. ते पास झालं. पुढच्याच वर्षी उद्योगपती मुंदडांच्या प्रकरणात एलआयसीचे पैसे कुठे गेले यावर त्यांनी भाषणं केली आणि अर्थमंत्री कृष्णम्माचारींना १९५८ ला जावं लागलं, आता विचार करा की ती भाषणं छापायची कुणाची छाती झाली असती हा कायदा नसता तर.

आणि गंमत पुढे आहे. १९७६ ला, आणीबाणीत, हा कायदा रद्द केला गेला. पंतप्रधान कोण ते सांगायला नकोच. १९७७ ला जनता सरकारने तो परत आणला आणि ४४ व्या घटनादुरुस्तीने ३६१-अ कलम घालून त्याला घटनेतच जागा दिली. म्हणजे पास झालेलं बिलसुद्धा वीस वर्षांत पुसलं जाऊ शकतं आणि परत उगवू शकतं. एक्सेलच्या रकान्यात याचे किती मार्क द्याल?

घटना_वाचक

अहो गंगाताई (की गंगाराव?), तुम्ही मोजलं ते ठीक पण नाथ पैंचं जे एक बिल आख्ख्या देशाच्या घटनात्मक इतिहासात आहे ते सुटलं कसं? कायद्याची पोरं गोलकनाथ ते केशवानंद हे सुप्रीम कोर्टाचे खटले पाठ करतात त्याच्या मधोमध ते बसलंय. थोडं सविस्तर लिहितो.

२७ फेब्रुवारी १९६७. गोलकनाथ खटल्याचा निकाल. पंजाबातल्या एका कुटुंबाची जमीन कमाल धारणेच्या कायद्याखाली गेली, ते सुप्रीम कोर्टात आले. अकरा जजांचं पीठ, सहा विरुद्ध पाच. सरन्यायाधीश सुब्बाराव आणि बहुमत म्हणालं की कलम ३६८ मध्ये घटनादुरुस्तीची फक्त पद्धत दिलीय, आणि दुरुस्ती हासुद्धा कलम १३ च्या (मूलभूत हक्क कमी करणारा कायदा करू नये असं सांगणाऱ्या) अर्थाने कायदाच, म्हणून इथून पुढे संसदेला मूलभूत हक्क कमी करणारी दुरुस्ती करता येणार नाही. याआधी शंकरी प्रसाद (१९५१) आणि सज्जन सिंग (१९६५) या दोन्ही खटल्यांत कोर्टानेच बरोबर उलटं सांगितलेलं. आधीच्या दुरुस्त्या तेवढ्या शाबूत ठेवल्या, पुढचं दार बंद.

आता तेव्हा मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कात होता हे लक्षात घ्या, तो बाहेर गेला १९७८ ला. म्हणजे कूळकायदा, कमाल जमीन धारणा, सगळं याच दारातून जायचं. खोती, म्हणजे खोतांची जमीनदारी, काय चीज होती हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा झाला तेव्हा नाथ पै पंचविशीच्या पुढे होते, वेंगुर्ल्यात जन्मलेले, हे सगळं बघितलेले. प्रजासमाजवादी पक्षाच्या माणसाला हा निकाल टोचणारच.

निकालानंतर दीड महिन्याच्या आत, एप्रिल १९६७ मध्ये, त्यांनी लोकसभेत खाजगी विधेयक मांडलं. कलम ३६८ दुरुस्त करायचं, संसदेला घटनेचा कुठलाही भाग, मूलभूत हक्क धरून, बदलता येईल हे स्पष्ट लिहायचं. आता बघा, सरकारने नाही, विरोधी बाकावरच्या एका माणसाने. आणि ते नेहमीसारखं "भावना समजल्या" म्हणून गुंडाळलं गेलं नाही, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, तिचा अहवाल आला, चर्चा झाल्या. खाजगी विधेयकाच्या नशिबी एवढं सहसा नसतं.

मग पास का नाही झालं? मला वाटतं आकडे बघा. घटनादुरुस्तीला हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश आणि एकूण सदस्यसंख्येचं साधं बहुमत, दोन्ही लागतं. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसला २८३ जागा, सगळे हजर धरले तर दोन तृतीयांशला साडेतीनशेच्या आसपास लागतात. १९६९ ला काँग्रेस फुटली, तेवढेही राहिले नाहीत. डिसेंबर १९७० च्या शेवटी लोकसभा बरखास्त, आणि लोकसभेत पडून असलेलं बिल लोकसभेबरोबर मरतं, कलम १०७. तीनच आठवड्यांनी, १८ जानेवारी १९७१ ला, नाथ पै गेले. वय अठ्ठेचाळीस.

मार्चमध्ये इंदिरा गांधी ३५२ जागा घेऊन आल्या आणि त्याच वर्षी चोविसावी घटनादुरुस्ती केली. कलम १३ आणि ३६८ दोन्हींत बदल, आणि वर राष्ट्रपतींनी संमती द्यायचीच हेही घातलं. गाभा तोच, नाथ पैंच्या बिलाचा. आता तुमच्या एक्सेलमध्ये हे शून्य धरायचं का?

दगडफोड्या

घटना_वाचक, माहिती मस्त, हे मला नव्हतं माहीत, मान्य. पण मग तुम्ही अर्धीच गोष्ट सांगताय. चोविसाव्यानंतर काय झालं तेही लिहा की. संसदेला काहीही बदलता येतं हे एकदा मान्य केलं की मग ४२ वी दुरुस्ती येते, १९७६. त्यात ३६८ मध्येच घातलं की घटनादुरुस्तीला कुठल्याही कोर्टात आव्हान देता येणार नाही आणि संसदेच्या या अधिकाराला कसलीही मर्यादा नाही. विरोधी पक्षाचे नेते तुरुंगात, नाथ पैंच्याच पक्षातले जुने सहकारी तुरुंगात, आणि बाहेर हे चाललेलं. शेवटी वाचवलं कुणी, तर कोर्टाने. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद खटल्यात सात विरुद्ध सहा, की बदला पण मूळ चौकट मोडू नका, आणि १९८० ला मिनर्व्हा मिल्स खटल्यात ते ४२ व्यातले तुकडे उडवले.

माझं म्हणणं एवढंच की ज्या बिलाचा आपण गौरव करतोय ते जसंच्या तसं चाललं असतं तर आज मूलभूत हक्कांचं काय झालं असतं? नाथ पै मोठे होते म्हणून त्यांचं बिल बरोबर होतं असं होत नाही.

घटना_वाचक

तुमचा मुद्दा टाळण्यासारखा नाही, आणि खरं सांगू, मीही यावर दोन्हीकडे झुललोय. १९६७ मध्ये बसून बघितलं तर समोर जमीनदार आणि त्यांच्या बाजूने उभा राहिलेला मालमत्तेचा हक्क दिसतो. १९७६ मध्ये बसून बघितलं तर समोर बंद पेपर आणि भरलेले तुरुंग दिसतात. कलम तेच. "संसद म्हणजे लोक" हे वाक्य सदुसष्ट साली म्हणणं आणि पंचाहत्तर साली म्हणणं यात जमीनअस्मानाचा फरक पडला आणि तो बघायला नाथ पै राहिले नाहीत. ते असते तर आणीबाणीत कुठे असते यावर माझ्या मनात शंका नाही, पण स्वतःच्या बिलाबद्दल काय म्हणाले असते हे कुणीच सांगू शकत नाही, आणि सांगूही नये.

फक्त एक. केशवानंदने चोविसावी दुरुस्ती रद्द केली नाही, ती वैध ठरवली आणि गोलकनाथ मोडीत काढला. म्हणजे मूलभूत हक्कांना हातच लावता येणार नाही हे चूक, हा नाथ पैंचा मुद्दा कोर्टाने मानला. काहीही मोडता येईल हा पुढचा भाग मानला नाही. अर्धं त्यांच्या बाजूने, अर्धं तुमच्या. चालेल?

दगडफोड्या

चालेल. चहा तुमच्याकडून.

आगगाडी_कोकणची

तुम्ही लोक कलमं काढत बसलाय, राजापूर म्हटलं की आम्हाला नाथ पैंच्या नंतर मधू दंडवतेच आठवतात, सलग पाच वेळा, १९७१, ७७, ८०, ८४, ८९, आणि त्यांच्या कामाला कलम वगैरे शोधायला नको, सेकंड क्लासच्या स्लीपरमध्ये पाठ टेकवा. आधी लाकडी फळ्या होत्या हो, रात्रभर प्रवास केला की सकाळी अंगावर फळ्यांचे वळ, त्यांनी रेल्वेमंत्री असताना दोन इंची फोम घातला. १९७४ च्या रेल्वे संपात काढून टाकलेल्यांना कामावर परत घेतलं. १९९० ला अर्थमंत्री म्हणून सुवर्ण नियंत्रण कायदा घालवला, सोनारांना विचारा त्या कायद्याबद्दल. आणि कोकण रेल्वे महामंडळ १९९० चंच. गाडी सगळ्या मार्गावर धावली १९९८ ला, तोवर ते खासदारही नव्हते, १९९१ ला लोकांनी पाडलं. आपल्या लोकांचं काय बोलायचं 🙏

शुक्रवार_साडेतीन

आगगाडी, दंडवत्यांबद्दल दुमत नाही पण तुम्ही सांगितलेलं बहुतेक मंत्री म्हणून केलेलं काम आहे, मूळ प्रश्न मंत्री न झालेल्या खासदाराचा आहे. दंडवत्यांचंच मंत्रिपदाआधीचं एक सांगतो. २६ जून १९७५ ला त्यांना अटक झाली ती बंगळुरात, वाजपेयी आणि अडवाणींबरोबर. हे सगळे तिथे काय करत होते? पक्षांतरबंदीच्या विधेयकावरच्या संयुक्त समितीची बैठक होती. सरकारनेच १९७३ ला आणलेलं विधेयक, त्याच्या समितीला आलेले विरोधी सदस्य, आणि सरकारनेच उचलून आत टाकले. ते विधेयकही लोकसभेबरोबर गेलं, कायदा झाला थेट १९८५ ला. असल्या समित्यांमध्ये माणसं आठ आठ दिवस बसून शब्दाला शब्द घासतात, ते कुठल्याच प्रगतीपुस्तकात येत नाही.

जुन्या_फायली

मी मूळ प्रश्नाचं व्यवहारी उत्तर देते, कारण मला हा नाद आहे आणि डोळे त्यातच गेले.

हजेरी शोधत बसू नका. हल्ली पीआरएसवाले (संसदेच्या कामाचा अभ्यास करणारी संस्था) जी हजेरी-प्रश्न-चर्चा अशी आकडेवारी देतात ती अलीकडच्या लोकसभांची, जुन्यांना ती नाही. आणि तसंही तेव्हा हजेरी म्हणजे लॉबीतल्या वहीवरची सही होती, सही करून कँटीनला गेला तरी हजरच धरायचे.

संसदेची डिजिटल लायब्ररी उघडा, लोकसभा वादविवादांचे जुने खंड स्कॅन करून टाकलेत. नावाने सर्च करताना इंग्रजीत वेगवेगळी स्पेलिंगं घालून बघा, जुनी छपाई आहे, मशीनने वाचताना अक्षरं खातं, "पै" सारखं आखूड नाव तर हमखास. मी तारखेने जाते. गोलकनाथनंतरचे शुक्रवार काढा, १९६७ च्या एप्रिलपासून, आणि अख्खा दिवस वाचा, फक्त तुमच्या माणसाचं भाषण नाही. त्याला मधे कोण अडवतंय, सभापती काय म्हणतात, मंत्री कुठल्या प्रश्नाला बगल देतो, खरी मजा तिथे आहे.

मग त्या बिलाच्या संयुक्त समितीचा अहवाल शोधा. अहवालाच्या शेवटी सदस्यांची असहमतीची टिपणं असतात, ती आधी वाचा. भाषणात माणूस गॅलरीकडे बघून बोलतो, टिपणात तो कायद्याच्या शब्दाशी भांडतो.

प्रश्न मोजणार असाल तर तारांकित आणि अतारांकित वेगळे करा. अतारांकिताला छापील उत्तर येतं आणि विषय संपतो. तारांकिताला मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि वर पुरवणी प्रश्न विचारता येतात, कसलेला खासदार मूळ प्रश्न साधा ठेवतो आणि पुरवणीत पकडतो. मधू लिमये यातले उस्ताद, पुण्याचा माणूस बिहारातल्या मुंगेरहून निवडून आला आणि नियमांचं पुस्तक घेऊन मंत्र्यांच्या मागे लागला. पुरवणी प्रश्न कुठल्या आकडेवारीत मोजले जात नाहीत, ते वादविवादातच वाचावे लागतात.

आणि रकाने बदला. "पास झालं का" याऐवजी "बिलाचं पुढे काय झालं" असा रकाना करा. ताजं उदाहरण घ्या, द्रमुकचे खासदार तिरुची शिवा यांचं तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचं खाजगी विधेयक २०१५ ला राज्यसभेत पास झालं, लोकसभेत अडकलं, मग सरकारने स्वतःचा कायदा २०१९ ला केला, आणि तो शिवांच्या बिलापेक्षा कमजोर आहे म्हणून त्या समाजातूनच ओरड झाली. याला पास म्हणणार की नापास? दोन्ही रकान्यांत बसत नाही.

राजापूरची_गंगा

बापरे, एवढं अपेक्षित नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. (आणि घटना_वाचक, गंगाराव.)

काल रात्री फायलीताईंनी सांगितल्याप्रमाणे एक शुक्रवार पूर्ण वाचला. दोन तास गेले. एक्सेल बंदच केलं, वहीत लिहायला घेतलंय, तारीख, विषय, कुणी अडवलं, पुढे काय झालं. भावाला घटना_वाचक यांचं उत्तर पाठवलं तर त्याने नेमका दगडफोड्या यांचाच मुद्दा मारला, त्यांचं उत्तर न वाचता. म्हणजे रविवारी परत वाद आहे, पण यावेळी निदान कशावर ते माहिती आहे.

एक शंका राहिली. बिल मांडणारा सदस्यच गेला तर त्याचं खाजगी विधेयक दुसरं कुणी पुढे चालवू शकतं का? नाथ पैंच्या बाबतीत लोकसभाच आधी गेली म्हणून प्रश्न आला नाही, पण सहज.

शुक्रवार_साडेतीन

नाही. खाजगी विधेयक त्या सदस्याबरोबर जातं, तो सभागृहात राहिला नाही की यादीतून काढतात. दुसऱ्याला तोच मजकूर हवा असेल तर पुन्हा नोटीस, पुन्हा बॅलट, पुन्हा शुक्रवार.